न्यूट्रॉनचे टार्गेट निवडताना: ‘एचडी-आइस’चे परीक्षण

मुक्त न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आतच क्षय पावतो. त्यामुळे फोटॉन (प्रकाशकण) आणि न्यूट्रॉन यांच्या टकरीतून निर्माण होणाऱ्या कणांवरील ध्रुवीकरणाचे (म्हणजे कणांचे स्पिन, त्यांची अंगभूत फिरकी, एका दिशेला वळवण्याचे) परिणाम मोजायचे, तर न्यूट्रॉन ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, अणुकेंद्रातूनच उसना घ्यावा लागतो. अशा टार्गेटसाठी (ज्यावर झोत आदळवायचा त्या पदार्थासाठी) रूढ असलेल्या ड्युटेरेटेड ब्युटेनॉलचे, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या अल्कोहोलचे, ध्रुवीकरण उत्तम होते; परंतु त्याच्या एका रेणूतील ४२ न्यूट्रॉनांपैकी कामाचे केवळ १० असतात आणि कार्बन-ऑक्सिजनमधील उरलेले ३२ निव्वळ गर्दी करतात.

अमेरिकेतील जेफरसन लॅबमध्ये २०११-१२ साली ‘क्लास’ या कणशोधकासोबत (डिटेक्टर) वापरलेले ‘एचडी-आइस’ या बाबतीत सरस ठरते. गोठवलेल्या हायड्रोजन-ड्युटेराइडच्या प्रत्येक रेणूत एकच न्यूट्रॉन असतो आणि तो ड्युटेरियमचाच असतो. पार्श्वभूमी म्हणून उरतात त्या पात्राच्या भिंती आणि उष्णता वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा; त्यांचा वाटा रिकाम्या पात्रावर मोजणी करून वजा करता येतो.

उणीव आहे ती ध्रुवीकरणाच्या प्रमाणात. ड्युटेरियमचे ध्रुवीकरण सुमारे २५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. फोटॉन आणि टार्गेट यांचे स्पिन समांतर असताना व विरुद्ध असताना नोंदल्या जाणाऱ्या घटनांतील फरकाला अखेर याच आकड्याने भागायचे असते. म्हणजे पूर्ण ध्रुवीकरणाच्या तुलनेत तेवढीच अचूकता गाठण्यासाठी सोळापट घटना जमवाव्या लागतात आणि ध्रुवीकरण मोजताना झालेली चूक थेट उत्तरात उतरते. तयारीही चिकाटीची परीक्षा पाहणारी आहे: अतिशीत तापमानात, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हा बर्फ कित्येक महिने मुरवावा लागतो. (लोणचे परवडले!)

तरीही हाती आलेले फळ पाहता हा खटाटोप मला सार्थ वाटतो. ऋण पायॉन (एक अल्पायुषी कण) व प्रोटॉन बाहेर पडणाऱ्या अभिक्रियेचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले मोजमाप १५०० ते २३०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या पट्ट्यातील आहे. तीन अगदी वेगळ्या पद्धतींनी केलेली विश्लेषणे त्यात एकमेकांशी उत्तम जुळली आणि अनेक रेझोनन्सच्या (न्यूट्रॉनच्या क्षणभंगुर उत्तेजित अवस्थांच्या) फोटॉन-न्यूट्रॉन युग्मनांचे, म्हणजे फोटॉनमुळे त्या अवस्था किती प्रबळपणे उद्भवतात याचे, आकडे लक्षणीयरीत्या सुधारावे लागले.

फोटॉनच्या झोतासाठी मी हे टार्गेट निःसंकोच सुचवेन. इलेक्ट्रॉनचा झोत वापरणाऱ्यांनी मात्र थांबावे, कारण २०१२ च्या चाचण्यांत त्या माऱ्याखाली ध्रुवीकरण टिकले नव्हते.