‘अँटिक आहे, लायसन्स लागत नाही’ : वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या नावाने चालणारा गंडा

नेरुळच्या एका संग्राहकाला ‘पहिल्या महायुद्धातला वेब्ली’ म्हणून विकलेली वस्तू दोन मिनिटांत उघडी पडली. मुठीची पट्टी काढली तर आत १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याची जागा. म्हणजे वेब्ली मार्क सिक्स या ब्रिटिश फौजी रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब आकाराची, ४.५ मिमी छऱ्यांची आजकालची एअरगन. वरचा रंग घासलेला, रसायनाने गंज चढवलेला, आणि मोजलेली रक्कम लाखाच्या वर.

असा माल ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सांगाडा आणि नळी यांना लोहचुंबक लावा. प्रतिकृती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिथे चुंबक चिकटत नाही. आतल्या पोलादी भागांना चिकटला म्हणून हुरळून जाऊ नका. नळीचं तोंड ११ मिमीच्या आसपास दिसलं तरी आत डोकावून बघा. एअरगनमध्ये थोड्या खोलीवर ४.५ मिमीची बारीक नळी बसवलेली दिसते. खऱ्या मार्क सिक्सचं वजन रिकामं असताना १.१ किलोच्या जवळपास भरतं.

दुसरा प्रकार पाकिस्तान-अफगाणिस्तान सरहद्दीकडच्या कारखान्यांतल्या नकलांचा. तिथे पोलाद खरं असतं, पण शिक्के चुकतात. मार्क सिक्स १९१५ सालचा. नळी ६ इंची, मूठ खाली चौकोनी. त्याआधीच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या काळातल्या मार्क फोरची नळी सर्वसाधारणपणे ४ इंची, मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली. चोचीची मूठ आणि वर ‘मार्क सिक्स, १९१६’ असा शिक्का दिसला तर पुढे बोलूच नका. अक्षरं उलटी, स्पेलिंग चुकीचं, ओळ वाकडी, सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावरचा) क्रमांक वेगळा, हे सगळं त्याच जातीचं. क्रमांक वेगळा असणं एवढ्यावरून नकली ठरत नाही, कारण फौजेच्या दुरुस्तीखान्यात सिलिंडर बदलले जात. पण मग ‘सगळे भाग मूळचे’ हा विक्रेत्याचा दावा तरी खोटा.

आणि माल अस्सल निघाला तर? तर खरेदीदार जास्त मोठ्या खड्ड्यात. वेब्लीचा .४५५ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं आणि काडतुसाचं माप) आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ७ प्रमाणे केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही, साध्या परवान्यावरही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल १४. आठवण म्हणून ठेवलेलं एक जिवंत काडतूसही गोत्यात आणू शकतं.

विक्रेते कलम ४५ चा हवाला देतात. त्यात जुन्या, कालबाह्य शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. ‘घोड्याचं टोक घासून टाकलंय’, म्हणजे काडतुसावर आघातच होणार नाही, हे यांचं आवडतं वाक्य. वेब्लीचा घोडा बदलता येतो, त्यामुळे ही सूट लागू होत नाही. ‘शंभर वर्षांपेक्षा जुनं म्हणजे अँटिक’ हा मुद्दा १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातला. त्याने शस्त्र कायदा रद्द होत नाही. पुरातत्त्व खात्याचं म्हणून दाखवलं जाणारं ‘नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट’ तर सरळ वाचलं तरी कळतं, की त्यात वस्तू पुरावस्तू नसल्याचं लिहिलेलं असतं! ते निर्यातीसाठी असतं, शस्त्र बाळगण्यासाठी नाही.

‘यात .४५ एसीपीही चालतं’ (हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस) असं कौतुकाने सांगितलं जातं, तेव्हा सिलिंडरची मागची बाजू घासलेली आहे असं समजा. परदेशात असे कित्येक वेब्ली बदलले गेले. ती काडतुसं अर्धचंद्राकार क्लिपमध्ये बसवून वापरतात. मूळ .४५५ चा दाब सुमारे १३,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .४५ एसीपीचा २१,००० पर्यंत. फॅक्टरीची .४५ एसीपी काडतुसं झाडत राहिलं की वेब्ली जिथे उघडतो ती बिजागरी सैल होते, वरची खिट्टी झिजते, कधी सिलिंडरला चीर जाते. बदललेला नग संग्राहकाच्या बाजारात स्वस्त असतो, इथे मात्र तो ‘डबल काडतूस’ म्हणून महाग विकतात.

व्यवहाराचा साचा ठरलेला. फोटो गणवेशातले, बदली झाल्याची घाई, यूपीआयवर टोकन, मग वाशी किंवा ठाणे स्टेशनजवळ भेट नाहीतर ‘आर्मी कुरिअर’. नंतर कधी ‘क्राइम ब्रँच’मधून फोन येतो आणि प्रकरण मिटवायला आणखी पैसे मागितले जातात. बेकायदा सौदा केल्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, यावरच हा धंदा टिकून आहे.

कायदेशीर विक्रीत दोन्हीकडचे परवाने, शस्त्राचा क्रमांक आणि त्याची परवान्यावरची नोंद समोर असते. ठाणे आणि नवी मुंबईत परवाने पोलीस आयुक्तालयाकडून मिळतात. कागद खरा की खोटा, तिथल्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा. आजोबांच्या ट्रंकेत खरंच वेब्ली सापडला तर तो विकायला किंवा साफ करायला काढू नका. कलम २१ प्रमाणे विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका, आणि जबाब देण्याआधी वकिलाला सोबत घ्या.