झुम्बा क्लासमधली तीच ती कोरिओग्राफी: काही महिन्यांच्या वापरानंतर

"रोज रोज तेच काय नाचायचं?" जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही झुम्बा बॅचमध्ये दुसऱ्या महिन्यात ही कुरकुर सुरू होते. ती अर्धीच खरी आहे. स्टेप्स परत याव्यातच. पण परत येताना त्यांत काहीतरी वाढलेलं हवं, आणि बऱ्याच बॅच तिथेच कमी पडतात.

आधी हिशोब. एका तासात साधारण १४ गाणी बसतात. गाणं ३२ काउंटच्या तुकड्यांत बांधलेलं असतं, म्हणजे आठाचे चार. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्यात असा तुकडा १५ सेकंदांत संपतो आणि चार मिनिटांत १६ तुकडे होतात. ते सगळे वेगळे ठेवले तर अर्धी बॅच नुसती बघत उभी राहील. म्हणून कडव्याला एक, धृपदाला एक, मधल्या संगीताला एक, असे तीन-चार तुकडेच फिरवतात. शिवाय झुम्बात इन्स्ट्रक्टर फारसं बोलत नाहीत, हाताच्या खुणेनं पुढची स्टेप सांगतात. बघून पकडायचं म्हटलं की तेच तेच येणारच.

नव्या गाण्याच्या पहिल्या दोन-तीन वेळा डोकंच जास्त दमतं. पाय कुठे टाकायचा हे शोधताना हालचाल आखडती होते. चार-पाच वेळा झालं की हात खांद्याच्या वर जातात, स्क्वॉट नीट खाली बसतो आणि धाप लागते. खरा व्यायाम इथून पुढचा. महिना-दीड महिन्यानं मात्र शरीर काटकसर शिकतं: हात कोपरापासूनच हलतात, उडीच्या नावाखाली फक्त टाचा उचलल्या जातात. सगळ्यांत वेगवान गाणं चालू असताना शेजारणीला संध्याकाळच्या भाजीचा बेत एका दमात सांगता आला, तर ते गाणं तुमच्यासाठी जुनं झालं.

म्हणून ते लगेच काढू नका. मार्चच्या जागी गुडघे कमरेपर्यंत उचला, ग्रेपवाइनची (एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत बाजूला सरकायची स्टेप) पावलं रुंद टाका, आणि एक दिवस सगळं डावीकडून सुरू करा.

हे डावीकडचं प्रकरण सगळ्यांत दुर्लक्षित. उजव्या पायानं सुरुवात ठरलेली असली की वळणाचा भारही ठरावीक गुडघ्यावरच येतो. बरेच क्लास मंगल कार्यालयात नाहीतर टाइल्सच्या हॉलमध्ये चालतात आणि पायात पळायचे, भरपूर ग्रिपचे बूट असतात. पिव्होट, म्हणजे एका पायावर वळण घेताना बूट फरशीला चिकटतो, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. एकदा झालं तर जाणवत नाही. पण तेच वळण गाण्यात आठ वेळा आणि आठवड्यातून पाच दिवस आलं की गुडघ्याची आतली बाजू दुखू लागते. टाच उचलून चवड्यावर फिरा, किंवा वळण सोडून जागच्या जागी चार पावलं टाका. नडगी दुखत असेल तर उड्या बंद. त्या गाण्यात मार्च पुरे.

प्रमाणाचं म्हणाल तर वॉर्मअपची दोन आणि शेवटच्या स्ट्रेचिंगची दोन गाणी महिनोन्‌महिने तीच राहू द्यावीत. तिथे नवलाईची गरज नाही. उरलेल्या दहांतलं आठवड्याला एकच बदलावं. म्हणजे प्रत्येक गाणं दहा आठवडे टिकतं, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्यात वर सांगितलेली वाढ करता येते. दर सोमवारी अख्खी प्लेलिस्ट बदलणारे क्लास दिसायला झकास असतात, घाम मात्र पुढच्या रांगेतल्या चौघींनाच येतो.

आपल्याकडे हजेरी सणावारी तुटते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलेल्या, श्रावणात कानबाईच्या सणाच्या तयारीत अडकलेल्या बायका पंधरवड्यानं परततात. ओळखीची आठ-नऊ गाणी शिल्लक असली तर त्या पहिल्याच दिवशी लयीत येतात, नाहीतर भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि हळूहळू यायच्या बंद होतात. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे गेला की पत्र्याच्या हॉलमध्ये नवं गाणं काढूच नये. पाठ असलेल्या गाण्यात प्रत्येकीला आपला वेग कमी करता येतो. लाइट गेली तरी पाठ कोरिओग्राफी टाळ्यांवर चालते.

तीन महिन्यांची फी एकदम भरण्याआधी आठवड्याच्या अंतरानं दोन ट्रायल घ्या आणि गाणी मोजा. १४ पैकी १२-१३ तीच असतील तर ठीक. सगळी तीच असतील तर शेवटचं गाणं कधी बदललं ते विचारा, आणि डावीकडून कधी सुरू करता, तेही.