घरघंटीचं आणि मोहाचं जमलं नाही

मागच्या पोळ्याच्या आधी १७,५०० रुपये मोजून घरघंटी घेतली. एक हॉर्सपॉवरची मोटर, सहा जाळ्या, खाली पिठाचा डबा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी अर्धी तक्रार कंपनीवर नाहीच. ही पेटी गहू-ज्वारी दळणाऱ्या घरांसाठी केलेली आहे आणि आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले धानवाले. आमच्या घरी बांधीतला तांदूळ, धुऱ्यावरची (बांधावरची) तूर, उतेऱ्यात म्हणजे उभ्या धानातच पेरलेली लाखोरी (लाखेची डाळ), सांदवाडीतली (घरामागच्या परसातली) अंबाडी आणि जंगलातून येईल ते. त्या त्या वस्तूवर ही पेटी कशी चालली, तेच सांगते.

मशीन घरी आली तेव्हा आत्याबाईंनी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. "काहून वो, जातं फुटलं का आपलं?" फुटलं नव्हतं, माझे खांदे फुटले होते. आणि गावातल्या चक्कीवर दोन किलो लाखोरी नेली की आधीच्या माणसाचा गहू तिच्यात यायचा आणि आमची थोडी लाखोरी पुढच्याच्या गव्हात जायची. थोडंथोडं, वेगवेगळं दळणाऱ्या बाईला चक्की परवडत नाही.

सगळ्यात आधी कण्या, कारण आमच्याकडं पालेभाजी म्हटलं की कण्या आल्याच. अंबाडीचा पाला उकडून आंबट पाणी काढून टाकायचं, त्या पाल्यात तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या शिजवायच्या, वरून लसणाची फोडणी. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघाले की त्यांच्या भाजीतही कण्या. सगळ्यात मोठ्या छिद्रांची जाळी लावली तर कण्या चांगल्या पडतात, पण दोन किलो तांदळात पाव किलो तरी पीठ होतं. आतली पाती दाणा चिरडत नाहीत, बडवतात, आणि दाणा जाळीतून जाईपर्यंत त्याला बडवतच राहतात. म्हणून सुपानं पाखडणं सुटलं नाही. पडलेलं पीठ वाया जात नाही, त्याचे आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी, होतात.

आयत्यांसाठी मात्र ही पेटी सोन्यासारखी. जाडा तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचा, दातानं कट्‌कन तुटला पाहिजे. जरासा दमट राहिला की जाळी बुजते आणि मोटर कण्हायला लागते. बारीक जाळीवर तीन किलोला मला अर्धा तास लागला. पीठ थोडं गरम येतं, ते परातीत पसरून निवू द्यायचं. तव्यावर आयता जाळीदार सुटतो, कडा उचलतात. आमच्याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून तयार केलेला एचएमटी मी आयत्यांना वापरत नाही, तो भाताला. इतक्या बारीक, गोड तांदळाचं पीठ करायला जीव होत नाही.

वड्यांचा भरडाही पास. हरभऱ्याची डाळ, तूर, मूग, मोट (मटकी) एकत्र करून दोन नंबरच्या मोठ्या जाळीवर काढला. वडाभातावर वडे कुस्करून वरून हिंग-मोहरीचं तेल ओतलं, तेव्हा आत्याबाई पहिला घास चावून म्हणाल्या, "बरा हाय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पाच चांदण्या समजा.

लाखोरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवीन मुली विचारतात. लाखोरी रोज आणि नुसती तीच खाल्ली तर पायांतली ताकद जाण्याचा धोका असतो. तिच्यातला दोष पाण्यात उतरतो, म्हणून भिजवायची, पाणी फेकायचं, परत भिजवायची, परत फेकायचं. मग दोन दिवस कडक उन्हात. एवढं करून दळली तर घरघंटीवर पीठ मऊ येतं आणि वड्या फुटत नाहीत. चक्कीवाल्याकडं एवढ्याशा लाखोरीसाठी हे लाड कोण करेल?

आता मोहाची फुलं. चूक माझी. माहितीपुस्तकात "तेलकट आणि चिकट पदार्थ टाकू नये" असं स्पष्ट छापलंय. पण चैत्रात पहाटे चारला उठून टोपलंभर मोह वेचला होता, वाळवला होता, एकेका फुलातलं केसर काढलं होतं, कढईत भाजला होता. वाटलं, इतका खडखडीत झालाय, याला कसलं चिकट म्हणायचं? दोन मिनिटं मशीन छान फिरली. मग आतली साखर गरम झाली आणि पाती, जाळी, भिंत सगळं गुळाच्या काकवीसारखं चिकटलं. मोटर बंद पडली. वास असा सुटला की शेजारचे काका कुंपणावरून डोकावले, "भट्टी लावली का बाप्पा?" आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. तेव्हा हे झालं असतं तर काकांच्या मागून पोलीसही डोकावले असते. गरम पाणी, जुना ब्रश आणि उलथनं घेऊन दुपार गेली. उरलेला मोह उखळात भाजलेल्या तिळाबरोबर कुटला, लाडू वळले, पोरीला नागपूरला पाठवले. उखळात मोह आणि तीळ एकमेकांना धरतात. यंत्रात मोह यंत्रालाच धरतो.

जवसाचीही तीच गत, फक्त कमी तमाशा. चटणीचा जवस भाजून थोडा-थोडा मिक्सरमध्ये किंवा उखळात.

चारोळी तर मी टाकलीच नाही, इतकी अक्कल आली होती. वैशाखात आणलेली चाराची फळं (चारोळी याच फळाच्या बीतली) भिजवून, साल चोळून, वाळवून जात्यात घालायची. वरची तळी हलकी धरून अर्धा-अर्धा फेरा द्यायचा, की टरफल फुटतं आणि आतला दाणा अख्खा निघतो. ते काम बडवणाऱ्या पात्यांना कसं जमणार? जातं सांदवाडीत नेऊन ठेवलं होतं, ते परत ओसरीत आणलं आणि पाथरवटाकडून टाकी मारून खरखरीतही करून घेतलं.

इतर गोष्टी पटपट. आवाज मोठा आहे, आत्याबाईंना मालिका ऐकू येत नाही. उन्हाळी धानाला पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मशीन लावू नका. मी सकाळी सातच्या आत दळते. मोटर तासभर चालली तर पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, बिलाची भीती नको. झाकणाखालचं कापड दर वेळी झटका, नाहीतर पीठ भिंतीवर बसतं. मेकॅनिक फोन केल्यावर नवव्या दिवशी आला आणि मोहाचा डाग बघून हसला. जादा बारीक जाळी मशीन घेतानाच दुकानदाराकडून मागून घ्या. मी नंतर मागितली, तर तिच्यासाठी ब्रह्मपुरीला दोन खेपा झाल्या.