पॉलिटोपिया: काही महिने खेळल्यावर एका हिशेबनीस बाईचं मत

'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया' हा आळीपाळीने चाल करून गावं जिंकायचा मोबाइलवरचा खेळ. त्यात चार टोळ्या फुकट मिळतात आणि बाकीच्या विकत घ्याव्या लागतात, हे खेळणाऱ्यांना माहीत असतंच. मला बोलायचंय ते त्यातल्या टेक्नॉलॉजीच्या किमतीबद्दल. उन्हाळ्यात हा खेळ मोबाइलवर घेतला. तेव्हापासून जालना ते मुकुंदवाडी, रोजच्या पासाच्या प्रवासात तोच चालू आहे. आणि गेल्या आठवड्यात त्यातली एक टोळी मी चक्क पैसे देऊन घेतली. खेळावर पैसा घालायचा माझा स्वभाव नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

याआधी फोनमध्ये गाव वसवायचा दुसरा एक खेळ होता. त्याचं नाव घेत नाही. त्यात भिंत बांधायला काढली की तासन्‌तास वाट बघा, नाहीतर हिरे विकत घ्या. बरं, वाट बघायची तयारी असली तरी बदनापूर मागे पडलं की नेट जायचं आणि खेळ तिथेच अडकायचा. त्या खेळाला माझ्या डोक्याची गरजच नव्हती, फक्त माझ्या घाईची होती. याचा मला अजूनही राग आहे. पॉलिटोपियात एकट्याने खेळायला नेट लागत नाही, मध्येच जाहिरात येत नाही, आणि तारे, म्हणजे खेळातले पैसे, संपले तर ते विकत मिळत नाहीत. पुढच्या टर्नला येतील तेवढ्यातच भागवायचं.

आता मुद्द्यावर येते. एकच शहर असतं तेव्हा पहिल्या पायरीची विद्या, म्हणजे टेक्नॉलॉजी, ५ ताऱ्यांना पडते, दुसऱ्या पायरीची ६ आणि तिसऱ्या पायरीची ७. त्यानंतर प्रत्येक नव्या शहरामागे पहिल्या पायरीची किंमत १ ने वाढते, दुसरीची २ ने, तिसरीची ३ ने. सहा शहरं झाली की हेच आकडे १०, १६ आणि २२ होतात. नवं गाव घेतलं, म्हणजे एक शहर वाढवलं, तर सुरुवातीला दर टर्नला १ तारा मिळतो, पण अजून न शिकलेली प्रत्येक विद्या त्याच क्षणी महाग होते. म्हणजे जे शिकायचं ते गाव घेण्याआधी शिकायचं की नंतर, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक टर्नला समोर येतो. आणि सुरुवातीची कमाई किती, तर टर्नला २ तारे!

मी कंपनीत अकाउंट्स बघते. एक खर्च वाढला की बाकीचे खर्च कसे सरकतात हे दर महिन्याला कागदावर बघते, पण ते इतकं नेमकं मांडलेलं मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलेलं नाही. बहुतेक खेळांत मोठं होणं म्हणजे नुसता फायदा. इथे मोठं होण्याचा खर्च त्याच टर्नला दिसतो आणि तो भरावाच लागतो. फिलॉसॉफी ही विद्या शिकलं की पुढच्या सगळ्या विद्या तेहेतीस टक्क्यांनी स्वस्त होतात, पण ती स्वतः तिसऱ्या पायरीवर बसलेली. ती कधी घ्यायची यावर मी ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत वहीत आकडेमोड केलेली आहे.

वर्कशॉपचंही तसंच. शहर दुसऱ्या पातळीला गेलं की खेळ विचारतो, वर्कशॉप हवं की न दिसलेला नकाशा उघडणारा एक्सप्लोरर? वर्कशॉपने दर टर्नला १ तारा वाढतो. तीस टर्नच्या डावात तिसऱ्या टर्नला घेतलं तर शेवटपर्यंत सत्तावीसच्या आसपास तारे झाले. वॉरियर, म्हणजे साधा सैनिक, २ ताऱ्यांना मिळतो, तर बघा हिशेब. पण एक्सप्लोरर अंधारातली दोन गावं दाखवून गेला तर? मी बहुतेक वेळा वर्कशॉपच घेते.

एका फोनवर आळीपाळीने खेळायची सोय फुकट आहे. परभणीहून भाचा आला होता, पाचवीत आहे. इंग्रजी वाचायचा त्याला कंटाळा, पण चित्रं आणि आकडे बघून दुपारपर्यंत सगळं समजला होता. मी गावाकडे वॉरियर सरकवला, तर म्हणतो, "मावशी, काय करायलीस? आधी शिकार शिकून घे ना, गाव घेतल्यावर लई महाग पडतंय." खेळाची मांडणी चांगली आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

बोटांच्या सोयीचं बोलायचं तर, पहिल्या टिचकीला सैनिक निवडला जातो, त्याच चौकोनावर दुसऱ्या टिचकीला खालची जमीन किंवा शहर. एवढ्यात सगळं काम होतं. पडदा मोकळा राहतो, बटणांची गर्दी नाही. हललेला सैनिक मागे मात्र घेता येत नाही. अनेकांची तीच तक्रार असते. मला ते बरोबर वाटतं. पाऊल टाकलं की ढगाखालचा नकाशा उघडतो. मागे यायची मुभा दिली तर लोक डोकावून परत येतील आणि एक्सप्लोररला किंमतच उरणार नाही.

एका बाबतीत माझं मत बदललं. सुरुवातीचे कित्येक आठवडे मी परफेक्शन हाच प्रकार खेळले: तीस टर्न, मग गुण मोजायचे. गाडीच्या तासाभरात डाव आरामात संपतो, म्हणून मला तोच प्रकार उत्तम वाटायचा. आता वाटत नाही. शेवटच्या पाच टर्नला लढाईला अर्थ राहत नाही. शहर मोठं करून राक्षस (बलाढ्य सैनिक) घ्यायच्या जागी पार्क घ्यायचा, कारण पार्कचे २५० गुण मिळतात, स्मारकाचे ४००. उरलेल्या ताऱ्यांची देवळं बांधायची. पंचवीस टर्न काटकसर करून शेवटी हे म्हणजे मार्चअखेरला उरलेला निधी कसाही खर्च करून टाकण्यासारखं आहे. जपून ठेवलेल्या सैन्याची किंमत तिथे शून्य होते, आणि हे मला मनापासून खटकतं.

म्हणून हल्ली डॉमिनेशन खेळते. त्यात मर्यादा नाही, सगळ्यांना हरवेपर्यंत चालतं, आणि आठवं-नववं शहर घ्यावं की नाही याचा विचार शेवटपर्यंत करावा लागतो. डाव एका फेरीत संपत नाही, पण जिथे सोडला तिथूनच संध्याकाळी परतीच्या गाडीत चालू होतो. करमाडला फोन पर्समध्ये टाकला तरी काही बिघडत नाही.

स्टॉकहोमच्या मिड्जिवानने हा खेळ २०१६ मध्ये 'सुपर ट्राइब्स' नावाने आणला. तेव्हापासून त्यात बरीच भर पडली, तरी सुरुवातीला समोर येतात त्या पाचच विद्या: चढाई, मासेमारी, शिकार, संघटन आणि घोडेस्वारी.

मी घेतलेली टोळी किकू. तिला मासेमारी पहिल्यापासून येते, त्यामुळे किनाऱ्यावरची गावं लवकर वाढतात. पैसे एकदाच गेले, पुन्हा कुणी मागितले नाहीत. एक तरी टोळी विकत घेतली की ऑनलाइन खेळता येतं. आता भाच्याबरोबर परभणी–जालना डाव चालू आहे. त्याची शाळा सुटली की त्याची चाल येते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी बार्डुर घ्या. शिकार हातात असते आणि भोवती जंगल, म्हणून पहिलं शहर पटकन वाढतं. ओमाजीचा घोडेस्वार दिसायला ऐटबाज, पण त्याच्या नादात गावं भराभर घेतली जातात आणि दहाव्या टर्नला विद्या परवडत नाहीत. चारही फुकट टोळ्यांनी 'हार्ड' या अवघड पातळीवर जिंकेपर्यंत पैसे देऊ नका.