बालविवाह थांबवायचाय: १०९८ ला फोन की ग्रामसभेत आवाज?

आपल्या बीड-परभणीकडं हा प्रश्न लई मोठाय, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधी २० ते २४ वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं.

१०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला की यंत्रणा हलती, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. मांडव पडलेला असंल तर हाच मार्ग, तिथं भाषण देत बसू नका. पण आज थांबलेलं लग्न पुढं पाहुण्यांच्या गावात गुपचूप लावून देतात, हे पण खरंय.

ग्रामसभेत बोलायचं तर भावकीचा रोष पत्करावा लागतो, तरी मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण मूळ दुखणं ऊसतोडीचंय, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, दिवाळीच्या आसपास नवरा-बायको कारखान्यावर जाणार, मग वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरा, २६ जानेवारीला निम्मं गाव फडावर असतं. बालविवाह रोखायला काय केलं ते ग्रामसेवकालाही तिथंच विचारा, कायद्यानं गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो.