दाट केसांखालचे वजन : रत्नागिरीतील एका पशुचिकित्सालयाचा अनुभव

आमचा मोती सहा वर्षांचा आहे. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हटले जाते, तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झच असतो, मोतीही त्यातलाच. पांढऱ्या केसांचा हा गोळा पाहून शेजारच्या काकू उन्हाळ्यात म्हणाल्या, ‘‘वहिनी, किती फुगलाय हो हा!’’ आणि मृगाच्या पहिल्या सरीत तो चिंब भिजून आला तेव्हा त्याच काकूंनी विचारले, ‘‘उपाशी ठेवता की काय त्याला?’’ दोन्ही वेळा कुत्रा तोच होता आणि मधे जेमतेम पंधरा दिवस गेले होते. शेवटी पावसहून भाट्येमार्गे रत्नागिरी गाठली आणि एका खासगी पशुचिकित्सालयात केवळ वजनाची तपासणी करून घेतली. तपासणीचे शुल्क 300 रुपये होते. त्यानंतर आणखी दोन खेपा झाल्या असून हे मत त्या तिन्ही भेटींवर आधारलेले आहे.

पहिली चांगली गोष्ट अशी की डॉक्टरांनी मोतीला लगेच काट्यावर चढवले नाही. आधी त्यांनी स्टीलच्या कंगव्याने त्याच्या आतल्या थरातील सुटलेली लव काढली. या जातीला बाहेर राठ लांब केस आणि आत मऊ लव असे दोन थर असतात, आणि त्या दोहोंमध्ये अडकलेल्या हवेमुळे अंगाचा आकार डोळ्यांना कळतच नाही. मग दोन्ही अंगठे कण्यावर ठेवून, बोटे फासळ्यांवर सपाट टेकवून, त्यांनी हलक्या दाबाने हात मागेपुढे फिरवला आणि मलाही तसेच करायला लावले. हे शिकवताना त्यांनी दिलेली खूण मला फार उपयोगी पडली. मूठ आवळून बोटांच्या मागच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवावे. फासळ्या तशा टोचू लागल्या तर कुत्रा रोड आहे. हात पसरून पालथ्या पंजाच्या हाडांवरून बोट फिरवले असता जसे लागते तशा त्या लागल्या तर वजन योग्य आहे, आणि तळहाताच्या मांसल भागासारखे लागून फासळ्या शोधाव्या लागल्या तर चरबी वाढली आहे. मोतीच्या फासळ्या मला शोधाव्या लागल्या.

त्यानंतर त्यांनी कमरेवरचे केस दोन्ही तळव्यांनी दाबून धरले आणि वरून पाहायला सांगितले; फासळ्यांमागे कंबर आत वळायला हवी होती, ती सरळ होती. बाजूने पाहता पोटही वर चढलेले नव्हते. नऊ अंकांच्या शरीरस्थितीच्या मापनात 4 किंवा 5 हा अंक उत्तम मानतात, आणि पाचाच्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे आदर्श वजनापेक्षा साधारण 10 ते 15 टक्के जास्त भार. मोतीला 7 अंक मिळाला. काट्यावर 14.2 किलो भरले, म्हणजे त्याचे योग्य वजन 11.4 किलोच्या आसपास येते. हाताने आधी अंदाज आणि काट्याने नंतर आकडा, हा क्रम मला योग्य वाटला, कारण जातीच्या तक्त्यातला आकडा प्रत्येक कुत्र्याच्या हाडापेराला लागू पडत नाही. दाट केसांखाली लठ्ठपणा लपतो तसा जंतांनी किंवा गोचिडांच्या तापाने आलेला रोडपणाही लपतो, म्हणून हा हात दर पंधरा दिवसांनी फिरवावा, असेही त्यांनी बजावले.

यापूर्वी एका ठिकाणी मला ‘‘सगळे केस भादरून टाका, म्हणजे बारीक दिसेल आणि गारही राहील,’’ असा सल्ला मिळाला होता. डॉक्टरांनी तो स्पष्टपणे खोडून काढला. भादरलेली दुहेरी लव पुढे ठिकठिकाणी विरळ उगवू शकते आणि उघड्या कातडीला ऊन भाजते. आपल्या दमट हवेत कुत्र्याला धापा टाकून गार होणे आधीच अवघड जाते, त्यात अंगावरची चरबी भर घालते. तेव्हा उतरवायची ती चरबी.

आहाराच्या बाबतीत मात्र हे चिकित्सालय कोकणात आहे असे वाटत नाही. हाती दिलेला छापील तक्ता केवळ पाकीटबंद खाद्याचा होता. भात, उकडलेली मासळी आणि नारळ कातताना मिळणारी खोबऱ्याची कातळी यांचा त्यात उल्लेखच नव्हता. मी विचारल्यावर डॉक्टरांनी तक्त्याच्या पाठीमागे स्वतः हिशेब मांडून दिला. 11.4 किलोच्या कुत्र्याला नुसते विसावून राहण्यास दिवसाला सुमारे 435 किलोकॅलरी लागतात आणि वजन उतरवताना साधारण तेवढ्यावरच भागवतात. पंचवीस ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळपास 90 किलोकॅलरी असतात. माझे सासरे खोवणीपाशी बसून मोतीला जे ‘‘एवढेसेच’’ देत, ते त्याच्या दिवसभराच्या अन्नाचा पाचवा हिस्सा होते! आता भात वाटीने नव्हे तर तोलून घातला जातो, आणि पोट भरावे म्हणून त्यात उकडलेला दुधी मिसळला जातो. मोजून घालूनही वजन हलले नाही तर थायरॉइडसाठी रक्त तपासू, असे डॉक्टर म्हणाले. ती वेळ आली नाही.

दुसरी उणीव काट्याची आहे. दुसऱ्या भेटीत मोतीचे वजन वाढलेले दिसले आणि मी खट्टू झाले. मग लक्षात आले की काट्यावर पावसाने भिजलेले जाड पायपुसणे अंथरले होते आणि ते शून्यावर आणलेच नव्हते. आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे मोतीच्या बाबतीत 140 ते 280 ग्रॅम घट अपेक्षित असताना ही हयगय किरकोळ नाही. शिवाय नोंद तोंडी ठेवतात. वही मीच घातली.

नऊ आठवड्यांनी, गणपतीच्या तोंडावर, वजन 12.9 किलो आणि अंक 6 झाला. हात पारखी असलेल्या डॉक्टरांसाठी मी तेथे पुन्हा जाईन. काट्यासाठी मात्र घरचे कोरडे गोणपाट बरोबर नेणार आहे.