फुले योजना आणि धर्मादाय खाटा: पुण्यात खरोखर किती पैसे वाचतात?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायचे असतील तर डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलापाशी जा. हा क्रम चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही पैसे जातात. योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरायचं आणि मग बिल जोडून परत मागायचं, अशी सोय तिच्यात नाही. रात्री पेशंटला घेऊन धावपळीत पोचलेले नातेवाईक काउंटरवर वीस-तीस हजार भरून मोकळे होतात आणि सकाळी रेशनकार्ड काढतात. तोवर फाइल 'जनरल'मध्ये, म्हणजे योजनेबाहेरच्या पेशंटमध्ये, गेलेली असते.

२०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं आणि २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून चालते. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. ते सगळ्या घराला मिळून आहे, माणशी नाही. पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांपुरती असलेली योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे. मात्र कार्ड ऑनलाइन नोंदलेलं हवं आणि त्याचा बारा अंकी क्रमांक हवा. जुनं पांढरं कार्ड कपाटात ठेवून दिलेल्या घरांची गाडी नेमकी इथे अडते. रेशनच्या परिमंडळ कार्यालयात जाऊन नोंद करून घ्यायची, ती घरात कोणी आजारी नसताना. आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतंय का, हेही तेव्हाच पाहा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर आणि नातवाचं कुठेच नाही, हे फार घरांत असतं.

टेबलावर काय होतं? आरोग्यमित्र कार्ड आणि फोटो-ओळखपत्र तपासून नोंदणी करतो. डॉक्टरांनी लिहिलेला उपचार योजनेच्या यादीत बसतो का, हे पाहिलं जातं. मग रिपोर्ट जोडून प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, जातो. मंजुरी आली की उपचार सुरू होतात. अडलं तर बहुतेक वेळा 'क्वेरी' येते: अँजिओग्राफीचा रिपोर्ट जोडलेला नाही, सोनोग्राफी जुनी आहे, नावात फरक आहे. क्वेरी म्हणजे नकार नव्हे. पण वॉर्डात ती 'योजनेत बसत नाही' या शब्दांत पोचते आणि लोक घाबरून कॅशवर जातात. अशा वेळी नेमकं काय मागितलंय ते लेखी घ्या आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर स्वतः विचारा. तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात. हे सांगायला कोणी पुढे येत नाही, आपणच विचारावं लागतं.

पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, औषधं, इम्प्लांट, पेशंटचं जेवण, डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि घरी परतण्याचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं आहे. भाडं मागणारे थोडे. 'चांगला स्टेंट हवा असेल तर वरचा फरक भरा' असं कुणी म्हणालं तर पावती मागा. योजनेतल्या पेशंटकडून असा फरक घ्यायचा नसतो, त्यामुळे पावतीचा विषय निघाला की बोलणं बदलतं.

धर्मादाय रुग्णालयांची सोय वेगळी आहे आणि पुण्यात ती जास्त मोलाची, कारण शहरातली अनेक मोठी नावं धर्मादाय ट्रस्टची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातलं कलम ४१कक आणि उच्च न्यायालयाने घालून दिलेली, २००६ पासून लागू असलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. त्यासाठी रुग्णालय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम आयपीएफ, म्हणजे निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतं. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. पेशंट आयसीयूत आणि मुलगा सेतू केंद्राच्या रांगेत, ही वेळ टाळता येते. 'खाट शिल्लक नाही' असं उत्तर आलं तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या रिकाम्या खाटा पाहा आणि तोच स्क्रीन रुग्णालयातल्या समाजसेवकापुढे धरा. 'आयपीएफ संपला' हे उत्तर जास्त अवघड आहे. महागडी इम्प्लांट, औषधं त्याच निधीतून जातात, त्यामुळे निधी खरंच ताणलेला असतो.

सरकारी बाजूला एक फरक पुणेकरांच्याही लक्षात नसतो. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे आणि तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, त्यामुळे तो निर्णय तिथे लागू झाला नाही. फुले योजना मात्र ससूनमध्ये चालते.

या सगळ्याने घराघरांतली दरी किती बुजते? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, शहरी भागात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च बाळंतपण वगळता खासगीत ३८,८२२ रुपये होता, सरकारीत ४,८३७. महिना २० हजारांत चालणाऱ्या घराला पहिला आकडा म्हणजे जवळपास दोन महिन्यांची कमाई. कंपनीचा मेडिक्लेम असलेल्याच्या खिशाला त्याच बिलाचा फार धक्का बसत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे.

विषमता मोजताना मात्र एक गोष्ट निसटते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत मोफत मिळालेल्या धान्याची किंमत हिशेबात धरण्याची सोय केली, मोफत उपचारांची केली नाही. समजा, पुण्यातल्या जनता वसाहत या वस्तीत शेजारी-शेजारी दोन घरं आहेत. एकाचं ऑपरेशन योजनेत झालं, दुसऱ्याने दागिने गहाण टाकून दीड लाख भरले. पाहणीत दुसऱ्याचा खर्च वाढलेला दिसतो, म्हणजे तो अधिक सुस्थितीत! प्रत्यक्षात पुढची दोन-तीन वर्षं तो व्याज फेडत राहणार.

योजनेचं बळ आणि उणीव दोन्ही एकाच जागी आहेत. ती दाखल झालेल्या माणसाची आहे. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांच्या महिन्याच्या गोळ्या, दाखल होण्याआधीच्या ओपीडीतल्या तपासण्या, सोबत्याची बुडालेली रोजी, हडपसरहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाण्याची रिक्षा, यातलं जवळजवळ सगळं घरच भरतं. गरीब घर हळूहळू पोखरलं जातं ते इथे. म्हणून मोठ्या ऑपरेशनसाठी आम्ही योजनेला पाचपैकी चार देऊ, दीर्घ आजारासाठी दोन. गोळ्यांचा खर्च जनऔषधी केंद्रात बराच उतरतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, ब्रँडचं नको.

घरात ७० वर्षांवरचं कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर ते निघतं, आणि कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असलं तरी ज्येष्ठांना वेगळे ५ लाख मिळतात.